शिपायाच्या हातात साऱ्या किल्ल्या



घरच्या संगणकावर आपण मुलांना वेगळे, मर्यादित खाते उघडून देतो आणि निश्चिंत होतो. पण ही मर्यादा नेहमी टिकते का?

शाळेचा शिपाई आठवा. साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. एखाद्या विद्यार्थ्याने कागद दिला, "हा मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा," आणि शिपायाने विचारपूस न करता ठेवला, तर? मुलगा खोलीत शिरलाच नाही, तरी काम झाले!

विंडोजमध्ये 'प्रिंट स्पूलर' हा असाच शिपाई आहे. छपाईची कामे रांगेत लावून तो प्रिंटरकडे पाठवतो. त्याला 'सिस्टम' हा फार मोठा अधिकार असतो. छपाई कागदाऐवजी फाइलमध्येही करता येते. मनाई असलेली फाइल पडद्यावरील चौकटीत लिहिली, तर नकार मिळे. पण तपासणी त्या चौकटीपुरतीच होती. लेखी आज्ञा देऊन तीच फाइल प्रिंटरचे पोर्ट म्हणून नोंदवली, तर कोणी अडवत नसे. मग स्पूलर पुन्हा सुरू झाला, की उरलेली छपाई तो स्वतःच्या अधिकाराने पुरी करी. अशा रीतीने साध्या खात्यातून संगणकाची मालकी मिळवता येई.

या दोषाला 'प्रिंटडेमन' हे नाव पडले. मायक्रोसॉफ्टने १२ मे २०२० रोजी दुरुस्ती दिली. पण नवी तपासणी पोर्ट नोंदवतानाच होई. नंतर फोल्डरची वाट दुसरीकडे वळवली, की ती फसे. म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा दुरुस्ती करावी लागली. धडा साधा आहे: निरोप कोणाचा, हे शिपायाने कपाट उघडतानाच पाहावे.

हा दोष वापरायला आधी संगणकात शिरकाव हवा. पण मुलाने उतरवून घेतलेला एखादा खोटा खेळही तो शिरकाव करून देतो. त्यावेळी मर्यादित खात्याची भिंत हाच आपला आधार, आणि असे दोष तीच भिंत पाडतात.

तेव्हा पालकहो, मुलांचे खाते वेगळेच ठेवा, पण अपडेटची सूचना आली की "उद्या पाहू" म्हणू नका. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. आपल्या घरातला संगणक कोणता आहे, हे आज संध्याकाळी मुलांना जवळ बसवून पाहा.