केंबरं नसतील तर धनेश काय खाईल?

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण ते आत असतं. कच्चं उंबर म्हणजे फळ नव्हेच. आतल्या बाजूला दाटीनं चिकटलेली असंख्य बारीक फुलं, आणि टोकाशी एक भोक. तिथून वारा शिरत नाही, मधमाशी मावत नाही. मावतं ते इवलंसं केंबरं.

मादी इतकी रेटून घुसते की पंख दारातच तुटून पडतात. सोबत आणलेले पराग फुलांवर टाकायचे, काही फुलांत अंडी घालायची आणि तिथंच मरायचं. तिच्या पिलांतल्या नरांना तर पंखच नसतात! माद्यांशी मीलन करून, त्यांच्यासाठी उंबर कुरतडून वाट काढून ते आतच संपतात. त्या वाटेनं माद्या पराग घेऊन उडतात. उंबर फोडून केंबरं उडवू नयेत म्हणणाऱ्यांनी ते नक्की फोडून पाहिलं असणार.

खरी गंमत पुढंच आहे. उडालेली मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला दुसरं कच्चं उंबर गाठायचं असतं. वड-पिंपळ चालत नाहीत, त्यांची केंबरं वेगळी. म्हणून परिसरातली सगळी उंबरं एकदमच फळून भागत नाही. बारा महिने कुठलं ना कुठलं झाड फळावर लागतं. एवढ्याशा किड्यापायी रानात बारमाही पंगत! बाकी फळं संपली तरी वटवाघळं, उदमांजरं, माकडं आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांना वड, पिंपळ, उंबर तारून नेतात.

महाधनेशाची मादी तर झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. बारीक फटीतून नर तिला भरवतो, आणि त्या घासांत मोठा वाटा याच फळांचा. असं झाड ‘लाकूड कामाचं नाही’ म्हणून तोडलेलं पाहिलं की फार वाईट वाटतं. किती जणांचं ताट ओढलं जातं!

केंबरंच नसेल तर? कॅलिफोर्नियात स्मर्ना जातीच्या अंजिराची झाडं छान वाढली, पण फळं पिकण्याआधीच गळायची. अखेर १८९९ मध्ये त्यांचं केंबरं तिथं रुजलं आणि बागा पिकू लागल्या.

पुरंदरच्या अंजिराचं तसं नाही. ती जात परागाशिवायच फळते. तेव्हा आत किडा असेल का, ही शंका न काढता खुशाल खा.