छिन्नमनस्कता आणि अनुवंश : एक मागोवा

बेळगाव-निपाणीच्या मुलखात एके काळी सोयरीक जुळवताना कुळ, जमीनजुमला आणि देणेघेणे यांची विचारपूस आटोपली, म्हणजे वडीलधारी मंडळी आवाज खाली आणून अखेरचा सवाल करीत, घराण्यात कोणाला वेडाची बाधा तर नाही ना. आणि ज्या घरी माडीवरच्या खोलीत असा एखादा चुलता कायमचा कोंडलेला असे, तेथील मुलगी कितीही गुणवती असली तरी तिची पत्रिका ‘जुळत नाही’ एवढ्या निरोपासह परत येई. धारवाडचे वेड्यांचे इस्पितळ १८४५ पासून या मुलखाच्या शेजारीच होते. परंतु रुग्णास तेथे नेल्याचे भाऊबंदांना कळू नये, याचीच तजवीज आधी होई.

रक्तातून डाग उतरतो ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हती. म्यूनिकच्या एर्न्स्ट रूडीनने छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, शेकडो रुग्णांच्या भावंडांची गणना करून १९१६ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा मेंडेलचे सरळ प्रमाण त्या आकड्यांना लागू पडेना; तरीही १९३३ च्या जर्मनीतील सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यामागे हाच विद्वान उभा राहिला, आणि त्या कायद्याने सुमारे चार लाख माणसांचे संततीचे सुख हिरावून घेतले. स्वतःच्या दप्तरातले आकडे साक्ष देत नसता परक्याच्या वंशाचा निवाडा करणारी ही विद्वत्ता मला आजही अक्षम्य वाटते.

पुढे पारडे उलट झुकले आणि सारा दोष आईच्या वागणुकीवर आला. हा आळ हेस्टन यांच्या १९६६ च्या अभ्यासाने बराचसा दूर केला : छिन्नमनस्क मातांच्या, जन्मानंतर तीन दिवसांत त्यांच्यापासून दूर केलेल्या ४७ मुलांपैकी पाचांना मोठेपणी हाच विकार जडला; अन्य मातांच्या, तशाच दुरावलेल्या ५० मुलांपैकी एकालाही नाही.

अनुवंश खरा ठरला, पण त्याची रीत निराळी निघाली. अनेक जनुकांचा अल्पस्वल्प भार साचून विकार उद्भवतो, असे गॉट्समन आणि शील्ड्स यांनी १९६७ मध्ये मांडले. १९८८ मध्ये पाचव्या गुणसूत्रावर कारण गवसल्याचा गाजावाजा झाला, तो लवकरच विरला. एकरूप जुळ्यांतही एकाला विकार जडला असता दुसरा सुमारे निम्म्या वेळा त्यातून सुटतो. आणि चुलत्याच्या आजाराने पुतणीचा धोका शंभरात एकावरून तीन-चारांपर्यंतच जातो. एवढ्याशा फरकासाठी किती मुलींची लग्ने मोडली असतील!

मराठी घरांना या विषयावर बोलते करण्याचे मोठे काम कॅनडास्थित प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात काढलेल्या संस्थेने आणि २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने केले. शास्त्रही थांबले नव्हते : २०१४ मध्ये जनुकसंचातील १०८ जागांचा विकाराशी संबंध दिसला, २०२२ मध्ये २८७ जागांचा. तेथील बहुतेक भेद निरोगी माणसांतही सर्रास आढळतात, सवाल करणाऱ्या वडीलधाऱ्यांतही ते असणारच; आणि एखाद्या मुलीचे रक्त तपासून तिला वा तिच्या मुलांना हा विकार होईल की नाही, हे निश्चित सांगणारी चाचणी आजही कोणत्याच प्रयोगशाळेत नाही.