वीतभर उंचीची आरास

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. दिवाळी तोंडावर आली की पितळेच्या भांड्यांपाशी रेंगाळणारी गिऱ्हाइकं वाढतात आणि विकणाऱ्यांना ती बरोबर ओळखू येतात. मला हवं असतं ते तसराळं: रुंद तोंडाचं, उथळ, जेवणाच्या टेबलावर मधोमध बसणारं. पिशवीत लोहचुंबक असतोच. चिकटला तर आत लोखंड आणि वरून नुसता पिवळा मुलामा. नाही चिकटला तरी लगेच हुरळून जायचं नाही. बूड उलटं करून खरचटलेली जागा बघायची. तिथे पांढरा धातू चमकला तर भांडं खाली ठेवायचं. "ताई, वजनावर घ्या ना," असं समोरून आलं की मोडीच्या भावावर किती द्यायचे एवढीच घासाघीस उरते. काठावर कुणाचं तरी नाव आणि 'सप्रेम भेट' कोरलेलं असेल तर काहींना ते भांडं नको वाटतं. मला नेमकं तेच हवं असतं.

घासायला चिंचेचा कोळ आणि मीठ. आंबटामुळे वरचा काळा थर सुटतो, पण भांडं लगेच धुऊन कोरडं केलं नाही तर तासाभरात पुन्हा डाग धरतं. नक्षीच्या खाचांतला काळेपणा मी राहू देते. तो गेला की नक्षी दिसेनाशी होते.

उरलेलं सामान रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास मिळतं: गोटा, सुतळी, लाकडी मणी. तिथे हात आखडता ठेवणं हेच खरं कौशल्य. प्लास्टिकचा झेंडू बाराही महिने मिळतो, आणि म्हणूनच आश्विनातल्या टेबलावर त्याला जागा नाही. ग्लू गनही मी घेत नाही. पणतीजवळ तो डिंक ऊब लागून सैल पडतो, हे एक. आणि एकदा चिकटवलेली वस्तू परत घरात वापरता येत नाही, हे मोठं. आरासीत मांडलेलं सगळं घरातून उसनं घेतलेलं असावं असं मला वाटतं. म्हणून चिकटवायचं नाही; बांधायचं, टाचायचं किंवा नुसतं ठेवायचं.

खाली बुटका पाट. त्यावर जुन्या खणाचा तुकडा, काठ समोर येईल असा दुमडलेला, कडेने गोटा धावदोऱ्याने टाचलेला. दोरा ओढला की सुटतो. वर तसराळं. मातीची पणती पाण्यात तरंगत नाही, म्हणून तळाशी वाट्या उपड्या घालायच्या आणि वाटीचा माथा जेमतेम वर राहील इतकंच पाणी ओतायचं. पणत्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवून वाळवलेल्या हव्यात, नाहीतर माती तेल पिते आणि वाट्यांवर ओघळ येतात. मग देठ खुडलेले झेंडू, एकमेकांना खेटून. विरळ टाकले तर सगळे एका कडेला जमतात आणि मधलं पाणी उघडं पडतं. भाताच्या लोंब्यांची जुडी सुतळीने बांधून भांड्याच्या बाहेर, पाटावर आडवी. वाळलेलं काहीही ज्योतीच्या हाताशी ठेवायचं नाही.

उंची वीतभर, फार नाही. समोर बसलेल्या काकूंना मान वाकडी करून चकली मागावी लागली तर आरास चुकली. आणि फराळाची ताटं मांडून झाल्यावर उरेल तेवढीच जागा तिची. मी आधी रिकामी ताटं मांडून बघते, मगच पाट कुठे ठेवायचा ते ठरवते.

पाणी रोज बदलावं लागतं, फुलं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. भाऊबीज झाली की पणत्या कमी करायच्या आणि तुळशीच्या लग्नासाठी आणलेले आवळे, चिंचा आणि उसाची कांडी त्याच पाटावर मांडायची. बाकीचं सामान पुढच्या वर्षासाठी डब्यात जातं. आवळे मात्र लग्न लागायच्या आधीच मीठ लावून संपलेले असतात.