सिंधूचे दुःख आणि शेजारणीचे दुःख

मंडळी, नाटक रंगात आले असताना डोळ्यांना पदर लावला नाही अशी बाई, किंवा उपरण्याने हळूच नाक पुसले नाही असा बाप्या तुम्ही पाहिलाय का? राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. दारूपायी धुळीला मिळालेला वकील सुधाकर आणि त्याची सोशिक बायको सिंधू. सिंधूचे काम बालगंधर्व करीत. म्हणजे समोर सिंधू अशी कुणी नव्हतीच. नारायण श्रीपाद राजहंस नावाचे गृहस्थ लुगडे नेसून उभे होते. लोकांना हे पक्के ठाऊक! तरी लोक रडले.

ते रडणे खोटे होते, असे मी म्हणणार नाही. डोळ्यांतले पाणी खरेच असते. पण नाटक पाहून घरी येताना चार घरे पलीकडून मारहाणीचा आवाज आला, तर? “रोजचंच आहे त्यांचं,” म्हणून आपण दाराला कडी घालतो.

असे का व्हावे? एक तर, नाटकातले पात्र एकटे असताना काय बोलते, तेही आपल्याला ऐकू येते. शेजारीण मन झाकून ठेवते. कपाळावरची खोक दिसली तर “पायरीवरनं पडले हो,” म्हणते. दुसरे असे, की पडदा पडला की सिंधू गेली. ती उसने जोंधळे मागायला येत नाही, साक्षीला चला म्हणत नाही, तिच्या नवऱ्याशी आपले वैर होत नाही. शेजारणीची बाजू घ्यायची, तर हे सगळे आलेच. मला विचाराल तर हेच कारण मोठे. पहिले आपण सबब म्हणून सांगतो.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली आपल्या ग्रंथात एका रशियन बाईचा दाखला दिला आहे. बाई आत नाटकातल्या पात्रांसाठी अश्रू ढाळते आहे, आणि बाहेर तिचा गाडीवान बसल्या जागी थंडीने गोठून मरतो आहे. भावना उचंबळावी आणि हातून काहीच घडू नये, असे वरचेवर झाले की मनाला तीच सवय लागते, असे जेम्सचे म्हणणे. त्याचा उपाय मात्र साधा. मन हेलावले, की पाठोपाठ काहीतरी करावे, क्षुल्लक का होईना. घरातल्या आत्या-मावशीशी दोन शब्द गोडीने बोलावे, गाडीत कुणाला बसायला जागा द्यावी.

गुरुजी, बाई, तुम्ही वर्गात ‘श्यामची आई’ वाचता तेव्हा मुलांचे डोळे भरून येतात. त्याच वर्गात मागे एखादा आईवेगळा पोरगा बसलेला असतो, आणि त्याच्या मळक्या सदऱ्याला हीच मुले कालपरवा हसलेली असतात. पुस्तक मिटल्यावर उपदेश करू नका. त्याचे नाव घेऊन त्याला अवघडवू तर मुळीच नका. जेवणाच्या सुट्टीत पोरांना गोल बसवा, आणि आपली भाकरी घेऊन तुम्ही त्याच्या शेजारी बसा. बाकीची पोरे आपसूक सरकत जवळ येतात.