दुधावाचून (लेखांक सातवा) : अळूच्या पानातील कॅल्शियम

नाचणीचा विषय या आठवड्यात हाती घेण्याचे मागील लेखांकाच्या अखेरीस कबूल केले होते आणि लिखाणास आरंभही झाला होता. परंतु रत्नागिरीकडील एका वाचक भगिनींचे पत्र मध्यंतरी आले, आणि त्यातील प्रश्न इतका मार्मिक व नाचणीच्या आधीच निकालात निघावा असा आहे की, नाचणी पुढील आठवड्यापर्यंत तहकूब ठेवणेच इष्ट वाटते.

त्या लिहितात की, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून दूध, दही, ताक सर्व वर्ज्य केल्याला आता वर्ष होत आले. परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू मुबलक येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात अळूच्या १०० ग्रॅम पानांत कॅल्शियम २०० मिलिग्रॅमच्या वर दाखवले आहे, आणि तितक्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम भरते. असे असता या लेखमालेत मी दिलेल्या कॅल्शियमयुक्त पदार्थांच्या यादीतून अळू, राजगिऱ्याची भाजी आणि पालक ही तिन्ही गळली, ती अनवधानाने की हेतुपुरस्सर?

हेतुपुरस्सर. आणि त्याचे कारण सांगण्यास अळूइतके उत्तम उदाहरण दुसरे नाही, कारण अळूच्या बाबतीत हे कारण जिभेला आणि घशाला प्रत्यक्ष जाणवते. खाजऱ्या अळूचा देठ चिरून त्याच्या रसाचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घ्यावा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तशा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा, म्हणजे दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा पारदर्शक सुयांच्या जुड्याच्या जुड्या दृष्टीस पडतात. काही जुड्या अद्याप पेशीच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या, तर काही फुटून रसभर विखुरलेल्या. मी हे दृश्य अनेकदा पाहिले आहे आणि इतरांना आवर्जून दाखवलेही आहे. अळू खाजते ते मुख्यतः या सुया घशाच्या नाजूक त्वचेत रुततात म्हणून. आणि या सुया ज्या द्रव्याच्या बनलेल्या असतात ते द्रव्य म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट. आमच्या भगिनींना तक्त्यात जे कॅल्शियम आढळले, त्यातील मोठा भाग या सुयांत आणि त्यांच्या जातीच्या इतर स्फटिकांत अडकलेला आहे.

वनस्पतीला जमिनीतून जरुरीपेक्षा अधिक कॅल्शियम मिळाले की ती ते ऑक्झॅलिक आम्लाशी बांधून स्फटिकरूपाने बाजूला टाकते. त्यात पानाचे भक्षकांपासून रक्षण होते, हाही तिचा लाभच. हे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, आणि जे विरघळत नाही ते आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जात नाही. प्रयोगशाळेत पान जाळून राखेतील कॅल्शियम मोजले, तर ते पुरेपूर भरते आणि तक्त्यात तसेच नोंदले जाते. ही नोंद खोटी नव्हे, परंतु ती जप्तीत पडलेल्या ठेवीसारखी आहे, खात्यावर रक्कम दिसते आणि मालकाच्या हाती मात्र येत नाही.

हाती किती येते, याचा दाखला अमेरिकेतील रॉबर्ट हीनी व कॉनी वीव्हर या संशोधकांनी मोठ्या कल्पकतेने मिळवला. त्यांनी खुणेच्या अणूंचे कॅल्शियम देऊन पालक वाढवला, तो माणसांना खाऊ घातला, आणि त्या खुणेच्या आधारे अंगी किती लागले याचे मापन केले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दुधातील कॅल्शियमपैकी शेकडा २७ च्या आसपास शोषले गेले, तर पालकातील अवघे शेकडा ५. आता हिशेब करून पाहावा: आपल्याकडील पालकाच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यातून पदरी पडतात ४ मिलिग्रॅम, तितक्याच दुधातून ३२. अळू आणि राजगिरा ही पानेही ऑक्झलेटने अशीच भरलेली असल्याने त्यांच्या मोठ्या आकड्यांवर हाडांची भिस्त ठेवता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या आयाबायांनी चिंच घालून अळूला वठणीवर आणलेलेच आहे. चिंच आणि भरपूर शिजवणे यांनी खाज मावळते हे खरे, परंतु सुयांतील कॅल्शियम त्यामुळे मोकळे होत नाही. आणि फदफद्यात सोबतीला जो आंबट चुका पडतो, त्याच्या आंबटपणात तर या ऑक्झॅलिक आम्लाचाच मोठा वाटा असतो. पालक उकडून पाणी फेकल्याने विद्राव्य ऑक्झलेट कमी होते, आणि ज्यांना मुतखड्याची खोड आहे त्यांनी ही तजवीज जरूर करावी, कारण बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. परंतु कॅल्शियमशी आधीच जखडलेला भाग उकडूनही तसाच राहतो.

मग दूध सोडलेल्याने पालेभाजीकडून काहीच अपेक्षा करू नये काय? अवश्य करावी, फक्त कुळ पाहून करावी. याच संशोधकांनी १९९० मध्ये कोबीच्या भाऊबंदांपैकी केल या भाजीची परीक्षा केली, तेव्हा तिच्यातील कॅल्शियम शेकडा ४१ च्या आसपास शोषले गेले आणि दुधातील शेकडा ३२. म्हणजे या कुळाच्या पानाने दुधालाही मागे टाकले. मोहरी, नवलकोल आणि आपला मुळा हे याच कुळातले, आणि त्यांच्या पानांत ऑक्झलेट अल्प. मुळ्याच्या १०० ग्रॅम पाल्यात कॅल्शियम २०० मिलिग्रॅमच्या वर असते, आणि तरीही मंडईत भाजीवाली "पाला काढून देऊ का?" असे विचारते व आपण मान डोलावतो, याचे मला दर खेपेस मनस्वी दुःख होते. तो कोवळा पाला घरी आणावा, स्वच्छ धुऊन बारीक चिरावा, लसणाच्या फोडणीत भिजवलेल्या मुगाच्या डाळीसह झाकण ठेवून वाफवावा. भाकरीबरोबर त्याच्यासारखी भाजी नाही.

तेव्हा आमच्या भगिनींना उत्तर असे: अळू आवडीने खावे, त्याचे इतर गुण थोडे नाहीत, मात्र दिवसाला लागणाऱ्या १००० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या हिशेबात ते धरू नये, आणि न्हाणीच्या पाटाशेजारी मुळ्याचा एक वाफा करावा. कोणत्याही पदार्थाचा आकडा वाचताच "यातले अंगी किती लागते?" हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय दूध सोडलेल्या प्रत्येकाने लावून घेतली पाहिजे. नाचणीलाही पुढील आठवड्यात हाच प्रश्न विचारावयाचा आहे. तिच्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आहे खरे, परंतु तिच्या सालीत फायटेट नावाचा आणखी एक अडथळा आहे, आणि मोड आणून सत्त्व काढण्याची आपली जुनी रीत तो कितपत दूर करते, हे सविस्तर पाहू.