पिंजऱ्यातला पोपट

पोपट पाळण्यापूर्वी तो देशी की विदेशी हे पाहा. लाल चोचीचा हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. आफ्रिकेतला राखाडी पोपट पाळता येतो. पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी कळवावे लागते. नोंद असली की चोरट्या मार्गाने आणलेला प्राणी लपवणे अवघड होते. प्राणिसंग्रहालयाला केंद्रीय प्राधिकरणाची मान्यता लागते.

कंटाळा आला म्हणून विदेशी प्राणी सोडून देणे ही दया नव्हे. तळ्यात सोडलेले लाल कानांचे अमेरिकी कासव देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. म्हणून प्राणी सोडू नका, वनविभागाला कळवा.