मृग येतो, मग मंडे का अडावा?

खुटबावच्या कुणाही शेतकऱ्याला मृग कधी निघतो ते विचारा. ‘जूनच्या सात-आठ तारखेला,’ असे तो झटकन सांगेल. म्हणजे इंग्रजी तारखा आपल्या अंगवळणी आहेतच. उरतात ती नावे. ती घोकण्याआधी आपल्या नावांशी जुळवून पाहा.

संडे म्हणजे सूर्याचा वार, आपला रविवार. मंडे चंद्राचा, म्हणजे सोमवार. सॅटर्डे शनीचा. ट्यूजडे आणि थर्सडे यांत मात्र नवशिक्याची गफलत होते. पहिला मंगळवार, दुसरा गुरुवार.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही सप्त, अष्ट, नव, दश यांचीच भावंडे. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून सप्टेंबर सातवा.

घड्याळातही तसेच. सव्वादहा म्हणजे क्वार्टर पास्ट टेन, पावणेअकरा म्हणजे क्वार्टर टू इलेव्हन. अडते ते दीड आणि अडीचपाशी: हाफ पास्ट वन, हाफ पास्ट टू. पुणे-दौंड गाडीच्या वेळापत्रकात १६:४५ दिसले, तर बारा वजा करा. झाले पावणेपाच.

हा खटाटोप कशासाठी? कीटकनाशकाच्या बाटलीवर दोन तारखा असतात. मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे तयार केल्याची, एक्स्पायरी म्हणजे मुदत संपण्याची. ही दुसरी तारीख उलटली असेल, तर ती बाटली घेऊ नका. पैसे जातात आणि कीडही हटत नाही.

आज रात्री मुलांना जवळ घेऊन एवढे दोनच शब्द गिरवा. वारांची नावे उद्या.